नजरी नक्शा

जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, काही सरकारी शाळा हवेल्यांमध्ये भरतात. मधे चौक, चौकाभोवती खोल्या, वर गच्ची. दारावर पाटी मात्र शाळेची. अशाच एका शाळेत मी गेल्या हिवाळ्यात तीन दिवस होते. डिझाइन शिकणारे बारा विद्यार्थी सहावी-सातवीच्या मुलांबरोबर बसून शाळेची जागा नव्याने कशी मांडता येईल ते पाहणार होते. त्यांच्यापुढे डिझाइनच्या इतिहासावर बोलायला मला पुण्याहून बोलावलं होतं. बोलून झाल्यावर ‘तुम्हीपण चला ना’ असं त्यांनी म्हटलं, म्हणून गेले.

पहिला दिवस वाया गेला. विद्यार्थ्यांनी मुलांपुढे कार्डशीट पसरली आणि सांगितलं, तुमच्या स्वप्नातली शाळा काढा. अर्ध्या तासात चाळीसेक चित्रं झाली आणि बहुतेक सगळ्यांत शाळा एकच होती: उतरतं लाल छप्पर, मधोमध दार, दोन्ही बाजूंना खिडकी, वर झेंडा, मागे डोंगर आणि डोंगरांतून उगवणारा सूर्य. जयपूरच्या जुन्या शहरात उतरत्या छपराची शाळा कुठून असणार? इथली छपरं दगडी पट्ट्यांची, सपाट. मुलांनी पाठ्यपुस्तकातली शाळा काढली होती. मोठ्या माणसांना काय हवं असतं ते त्यांना चांगलं माहीत असतं.

विद्यार्थी हिरमुसले. त्यांच्यात बिकानेरकडची एक मुलगी होती, फारशी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी तिने प्रश्नच बदलला. काढू नका, म्हणाली, दाखवा. मधल्या सुट्टीत कुठे असता ते दाखवा. कुठे जात नाही ते दाखवा.

मग मुलांनी त्यांना अक्षरशः ओढत नेलं. चौकातल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थंडीत अकराच्या सुमारास ऊन येतं आणि अर्ध्या तासात निघून जातं. ती पायरी सातवीच्या मुलींची, सहावीच्या मुलींना तिथे जागा नाही. पाण्याच्या टाकीच्या नळाला लहानांचा हात पोचत नाही म्हणून खाली एक वीट असते, आणि ती रोज घरी जाताना लपवून ठेवावी लागते. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आतून लागत नाही, म्हणून दोघीदोघींनी जायचं, एकीने बाहेर उभं राहायचं. आणि सहावीच्या खोलीत मागच्या भिंतीशी, उजव्या कोपऱ्यात, कुणी बसत नाही. का? ‘वहाँ से गिरता है.’ काय पडतं, असं विचारल्यावर एका मुलीने नुसतं वर बोट दाखवलं. आम्ही वर पाहिलं, चुन्याचा रंग होता, थोडा उडालेला. पुढच्या जागेकडे गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना घेऊन जंतरमंतर गाठलं, शाळेपासून चालत पंधरा मिनिटांवर. कार्यक्रमात ते आधीपासून होतं, मला त्यावर बोलायचं होतं. पण आदल्या दिवशीच्या फेरफटक्यानंतर माझं ठरवलेलं भाषण मलाच जरा पोकळ वाटू लागलं होतं.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये हे शहर वसवलं आणि त्याच सुमारास इथल्या वेधशाळेचं काम सुरू झालं. दिल्ली, मथुरा, उज्जैन आणि वाराणसी धरून त्याच्या अशा पाच वेधशाळा. पितळेची यंत्रं त्याने करून पाहिली होती, पण ती लहान असतात, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकतं. तेव्हा चुना-दगडाची, जमिनीत रोवलेली, प्रचंड यंत्रं बांधायची असं त्याने ठरवलं. ही कारणं त्याच्या नावावरच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या फारसी कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत आहेत. त्याच्या दरबारातले पंडित जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रातून गेलेले, असं परंपरा सांगते. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली, ‘रेखागणित’ या नावाने, आणि टॉलेमीचा खगोलग्रंथही. हिंदीत भूमितीला रेखागणितही म्हणतात. मुलांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं.

सम्राट यंत्रापाशी मात्र त्यांचा उत्साह माझ्यापुढे गेला. सत्तावीस मीटर उंचीची ती तिरकी भिंत, आणि तिची सावली बाजूच्या संगमरवरी पट्टीवर सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. मिनिटाला सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटं. सावलीच्या कडेवर नजर ठेवून मुलं उभी राहिली आणि काळ सरकताना खरोखर दिसला. जयप्रकाश यंत्रात तर जमिनीत खोदलेल्या दोन मोठ्या वाट्या आहेत. एकीत जिथे संगमरवर तिथे दुसरीत मोकळी वाट, पाहणाऱ्याला आत उतरून चालता यावं म्हणून. आकाश उलटं करून ठेवलंय आणि आपण त्याच्या फटींमधून फिरतोय. शिकण्यासाठी बांधलेल्या जागा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. शिकणाऱ्याच्या पावलांना इतका मान दिलेली दुसरी आठवत नाही.

एका मुलाने विचारलं, ‘इसमें मास्टरजी कहाँ बैठते थे?’ मला उत्तर सुचलं नाही. ही सगळी पावलं जाणत्या पंडितांची. इथे मुलं शिकावीत म्हणून काही बांधलं गेलं नव्हतं.

जयपुरात डिझाइनचे विद्यार्थी म्हणता येतील अशी मंडळी आली ती त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. १८६०च्या दशकात महाराजा रामसिंह दुसरे यांच्या काळात कलाशाळा आकाराला आली, मदरसा-इ-हुनरी, आणि तीही किशनपोल बाजारातल्या एका हवेलीत, पंडित शिवदीन यांच्या. मुख्याध्यापक डी फॅबेक हे पेशाने शल्यचिकित्सक होते. चित्रकला, मातीकाम, धातुकाम असे विषय होते. या शाळेतून तयार झालेल्या नक्षानविसांनी पुढे एक अफाट काम केलं. संस्थानचे एंजिनियर स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखाली त्यांनी जयपूर, आमेर, दिल्ली, आग्रा, फतेहपूर सिक्री इथल्या इमारतींचे तपशील मोजून रेखाटले. १८९० पासून त्यांचे मोठमोठे खंड निघाले, ‘जयपूर पोर्टफोलिओ’ या नावाने ते ओळखले जातात. खंडांची रचना इमारतींप्रमाणे किंवा काळाप्रमाणे केलेली नाही, अवयवांप्रमाणे केलेली आहे: जोती एका ठिकाणी, खांब एका ठिकाणी, कमानी, तोडे, दारं, सज्जे. कारागिराला हवा तो तोडा उचलून लगेच घडवता यावा, हा हेतू.

मी ही पानं माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. रेषा अशी की बघत राहावं. तरी हल्ली मला त्यांत एक उणीव टोचते. खांब आहे, खांबाला टेकून बसलेलं कुणी नाही. कमानीचा घेर इंचात आहे, पण दुपारी तिची सावली कुठवर जाते आणि त्या सावलीत कोण बसतं, याची नोंद नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या नक्षानविसांकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, हे मलाही कळतं. पण मापं घ्यायची ती दगडांची, ही सवय आपल्या डिझाइन-शिक्षणाला तेव्हापासून जडली ती सहजी सुटलेली नाही.

ती सवय राजस्थानात एकदा मोडली होती, आणि मोडणारे डिझाइनर नव्हते. १९९२ मध्ये ‘लोक जुंबिश’ सुरू झालं. लोक जुंबिश म्हणजे लोकांची चळवळ. केंद्र सरकारचे माजी शिक्षण सचिव अनिल बोर्दिया तिच्या मुळाशी होते, पैसा राज्य, केंद्र आणि स्वीडनचा. या कामातली मला सर्वात लोभस वाटणारी गोष्ट म्हणजे नजरी नक्शा. हा शब्द तिकडे पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदांत येतो: घटनास्थळाचा, मापाविना, नजरेच्या अंदाजाने काढलेला आराखडा. लोक जुंबिशने तो गावाच्या हाती दिला. गावातल्याच बायका-पुरुषांचं प्रेरक दल घरोघर फिरायचं आणि अख्ख्या गावाचा नकाशा काढायचं. प्रत्येक घर, आणि घरातल्या प्रत्येक मुलासाठी खूण: हे शाळेत जातं, हे जात नाही, ही मुलगी, हा मुलगा. अक्षरओळख नसलेल्यालाही वाचता येईल असा नकाशा. त्यावरून गाव ठरवायचं की शाळा कुठे हवी, आहे ती का चालत नाही, दुरुस्ती कुठली आधी. बांधकामासाठी गावाचीच भवन निर्माण समिती असायची. शाळा कुठे हवी हे आधी जयपुरात कागदावर ठरायचं. आता नकाशा गावातून निघून जयपूरला जाऊ लागला. १९९८च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या, स्वीडनने मदत थांबवली आणि कामाची लय तुटली. वाळवंटात झालेल्या स्फोटाचा धक्का त्याच राज्यातल्या शाळांना असाही बसला. पुढे ब्रिटिश मदत आली, पण तो जोम पुन्हा आला असं वाटत नाही.

लोक जुंबिशच्या शाळाबांधणीतच आणखी एक कल्पना रुजली. वास्तुविशारद कबीर वाजपेयी आणि त्यांची ‘विन्यास’ ही संस्था शाळेच्या इमारतींवर काम करत होती. इमारत स्वतःच शिकवण्याचं साधन व्हावी, हे त्यांचं सूत्र. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘बाला’ म्हणतात. दाराखाली फरशीवर कोनमापक कोरायचा, म्हणजे दार उघडताना कोन दिसतो. खिडकीच्या गजांना अक्षरांच्या वळणांचे आकार द्यायचे, मुलं त्यांवरून बोट फिरवतात. पंख्याच्या पात्यांवर रंग द्यायचे, फिरताना ते मिसळतात. पायऱ्यांवर संख्या. सगळं मुलाच्या उंचीला, आणि ज्या गोष्टी इमारतीत असायच्याच त्यांतूनच, म्हणून जवळपास फुकट. मुलं वेळ कुठे घालवतात, हात कुठे फिरवतात याकडे कुणीतरी बारकाईने पाहिल्याशिवाय हे सुचत नाही. युनिसेफच्या मदतीने त्याचं पुस्तक निघालं आणि कल्पना देशभर गेली.

देशभर जाताना तिचं काय झालं, ते आपल्याकडे कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्यावर दिसतं. आपण त्याला ‘बोलक्या भिंती’ म्हणतो. पंख्याचा आणि दाराचा भाग मागे पडला, कारण त्याला गवंडी आणि सुतार बरोबर बसावे लागतात. रंगवणं सोपं; निधी आला की पेंटर येतो, मार्च संपायच्या आत पाढे, नकाशे, थोर पुरुष आणि हसरी फुलपाखरं भिंतीवर उमटतात. भिंती बोलतात, पण ऐकत नाहीत.

मराठी माणसाला या बाबतीत आपल्या घरचंही काही आठवतं. ‘शाळा’ या शब्दात मुळातच बांधलेली जागा आहे: पाकशाळा, गोशाळा, धर्मशाळा. पंतोजींची शाळा ओसरीवर किंवा देवळात भरायची, धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, तरी नाव शाळाच. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, आणि मुलं बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडी त्यांच्या पाड्यावर, अंगणात गेली. अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली; गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत. या दोघींनी मुलांपुढे कागद ठेवून ‘स्वप्नातली शाळा काढा’ म्हटलेलं नव्हतं. मुलं पायांनी जे सांगत होती ते त्यांनी वाचलं, आणि शाळेची जागा त्या पायांप्रमाणे हलवली. आज अंगणवाडीला स्वतःची इमारत आहे का, असा तक्ता सरकार भरून घेतं, हा काळाचा विनोद. लहानग्यांना छप्पर मिळतंय, त्याला कोण नको म्हणेल? पण शब्द तेवढा अंगणात राहिला.

१९९२ हे वर्ष या गोष्टीत आणखी दोनदा येतं. त्याच वर्षी भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वजन मिळण्याचा हक्क आहे. आणि त्याच वर्षी रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी मुलांच्या सहभागावर निबंध लिहिला आणि त्यात एक शिडी काढली. खालून पहिली पायरी मुलांना वापरून घेण्याची, दुसरी त्यांना सजावट म्हणून उभं करण्याची, तिसरी नावापुरतं विचारण्याची. या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. आपल्या २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. केंद्राच्या आदर्श नियमांत उरलेल्या जागांचा काही भाग ‘स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा शाळेतली मुलं’ यांच्यासाठी आहे. त्या ‘किंवा’मधून किती मुलं आत आली असतील, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

या सगळ्यावर मी निवांतपणे लिहू शकले असते, पण २५ जुलै २०२५ नंतर ते जमत नाही. त्या सकाळी राजस्थानातल्याच झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचं छप्पर कोसळलं. सात मुलं गेली. वरून खडे पडताहेत असं आम्ही आधी सांगितलं होतं, आम्हाला बसून राहायला सांगितलं गेलं, असं वाचलेल्या मुलांनी वार्ताहरांना सांगितल्याचं छापून आलं. मग उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राज्यभरच्या शाळांची पाहणी सुरू झाली, एंजिनियर गेले, मोजमापं झाली. पहिली पाहणी मात्र त्या खोलीत बसलेल्यांनी केलेली होती.

आम्ही जयपूरच्या शाळेत होतो तो हिवाळा त्याच पावसाळ्यानंतरचा. जंतरमंतरवरून परतल्यावर दुपारी विद्यार्थ्यांनी नवे कागद दिले आणि शाळेचा नजरी नक्शा काढायला सांगितलं. शब्द मीच सुचवला होता. मुलांना तो आवडला, त्यात पट्टी लागत नव्हती. पायरी आली, वीट आली, कडी आली. एका मुलाने शाळेच्या बाहेरचा गोलगप्पेवाला शाळेच्या आत काढला. आदल्या दिवशी वर बोट दाखवणाऱ्या मुलीने सहावीची खोली काढली आणि उजव्या कोपऱ्यात निळ्या पेनाने बारीक ठिपके दिले, खूप, दाटीने.

संध्याकाळी विद्यार्थी चित्रांचे फोटो काढत होते. ते ठिपके पाहून एक जण म्हणाला की बांधणीचा नमुना छान पकडलाय, कोपऱ्यातल्या बैठकीच्या कापडासाठी वापरता येईल. मीही मान डोलावली. जयपूर, ठिपके, बांधणी. दिवसभर हार्ट यांच्या शिडीवर बोललेली बाई मी, आणि मान डोलावली.

बिकानेरच्या मुलीने तेवढं करून सोडलं नाही. ती मुलीच्या शेजारी जाऊन बसली आणि ठिपके का दिलेस म्हणून विचारलं. मुलगी म्हणाली, गिनके दिये हैं. दिवाळीनंतर शाळा उघडल्यापासून जितके तुकडे पडले तितके ठिपके. मोठा तुकडा पडला तो मोठा ठिपका. एकतीस होते.

मुख्याध्यापिकाबाई अजून कार्यालयात होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, तेव्हाच माणूस पाठवून गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने लांब बांबू घेतला आणि छताला ठोकत ठोकत खोलीभर फिरला. बहुतेक ठिकाणी आवाज टणक आला. मागच्या भिंतीशी, उजवीकडे, बद्द आला. त्याने तिथे दोनदा ठोकलं, तिसऱ्यांदा ठोकलं नाही. बांबू खाली घेतला आणि सगळ्यांना बाहेर व्हायला सांगितलं. पट्टी तडकलीय आणि तिच्यावर गच्चीचं ओझं आहे, एवढंच म्हणाला. बाईंनी खोलीला कुलूप लावलं आणि वरच्या कार्यालयाला पत्र लिहायला बसल्या.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती, म्हणून सकाळी पुन्हा शाळेत गेले. सहावीचा वर्ग चौकात बसला होता, जिन्याच्या पायथ्याशी, दरीवर. नकाशा भिंतीवर लावलेला होता आणि त्या मुलीने त्यात दुरुस्ती केली होती: कोपऱ्यातले ठिपके तसेच ठेवून खोलीच्या दारावर कुलूप, आणि सहावीचा वर्ग चौकात, तिसऱ्या पायरीपर्यंत पसरलेला. त्यावरून भांडण चाललं होतं. सातवीच्या मुलींचं म्हणणं, छत पडो की राहो, पायरी आमची. डिझाइनचे विद्यार्थी मधे पडायला निघाले तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं. दहा मिनिटांनी पोरींनीच ठरवलं: अकरा ते सव्वाअकरा सहावी, नंतर ऊन जाईपर्यंत सातवी. मग कुणीतरी म्हणालं की ऊन रोज एकाच वेळी येत नाही, काल जंतरमंतरला बघितलं ना, आणि भांडण पुन्हा सुरू झालं.